मोरांची पाणपोई

रस्ते पायांनीच ओळखले जायचे, त्या जुन्या काळची ही गोष्ट. रानात जिथे दोन वाटा फुटत, तिथे एक कुंभारीण आणि तिचा धाकटा भाऊ पाणपोई चालवत. एक रांजण, एक ओगराळं, गुळाचा डबा आणि पाणी वाहणारं एक गाढव, एवढाच त्यांचा पसारा. एकदा दोघांचं बिनसलं आणि भाऊ रागाने निघून गेला. तेव्हापासून ओंजळीत पाणी ओतताना ती प्रत्येकाचा चेहरा निरखून पाही. भाऊ नव्हे असं दिसलं, की तिची नजर पुन्हा वाटेकडे वळे. तरी ती धार सांडू देत नसे.

एक व्यापारी पाणी पिऊन म्हणाला, "बाई, असे रांजण गावोगाव आहेत. काहीतरी नवल करा, म्हणजे दूरदेशी नाव होईल."

नाव दूर गेलं तर भावाच्याही कानावर जाईल! कुंभारणीने तेवढंच ऐकलं. तिने मातीचे मोर घडवले, चाकं बसवली, घुंगरं बांधली. गाढवालाही रंगवून झूल घातली. रांजण भिंतीआड गेला आणि त्याच्यामागे तीही. भिंतीतल्या फटीतून कुणाची ओंजळ दिसली, की ती दोऱ्या ओढी. आधी मोर माना डोलवत, मग गिरक्या घेत, आणि सगळ्यात शेवटी एका चोचीतून पाणी पडे. तेही बारीकसं.

मंडळी, लोक नुसते लोटले! गाड्या जोडून माणसं आली. ती मात्र घरून पाणी पिऊन येत. खरे तहानलेले जरा वेळ ओंजळ धरून उभे राहत आणि मुकाट्याने ओढ्याकडे वळत. कुंभारणीला भिंतीमागे कुणाचाच चेहरा दिसत नसे. टाळ्या तेवढ्या ऐकू येत. इतक्या टाळ्यांत एखादी त्याची असेल, अशी ती मनाची समजूत घाली.

एका दुपारी गर्दी पांगल्यावर गाढव भिंतीशी आलं. त्या काळी गाढवं बोलत. त्यांचं ऐकणारे मात्र आजच्याइतकेच कमी होते.

"तो येऊन गेला," गाढव म्हणालं.

"कोण?"

"तुझा भाऊ. ओठ पार सुकले होते त्याचे. मोरांचा नाच संपेना, तेव्हा म्हणाला, 'हा कुणा राजाचा खेळ दिसतोय. माझी ताई तहानलेल्याला असं ताटकळत ठेवायची नाही. ती इथून गेली असणार.' या रंगात त्याने मलाही ओळखलं नाही."

"अरे, मग मला हाक का नाही मारलीस?"

"मारली ना! घसा फुटेस्तोवर ओरडलो. तुझ्या घुंगरांपुढे माझं कोण ऐकणार?"

कुंभारीण अनवाणी धावली. पण चार पावलांवरच वाटा फुटत होत्या, तिथे ती थबकली. भावाची पावलं धुळीत उमटली असतील. पण बघ्यांच्या गाड्यांनी ती कधीच पुसून टाकली होती. ती दोन्ही वाटांकडे तोंड करून हाका मारत राहिली. कुणी ओ दिली नाही.

परत येऊन तिने भिंत पाडली आणि रांजण रस्त्याकडेला आणला. मोरही फोडणार होती. पण एक तिने राखला, आणि छपरावर उंच, नुसता उभा केला, लांबून येणाऱ्याला पाणी कुठे आहे ते कळावं म्हणून. भाऊ पुन्हा आला नाही. ती मात्र दमलेलं माणूस दिसलं, की ओगराळं भरून स्वतःच सामोरी जाई. आणि तिथून तहानलेला कुणी परत गेला नाही.

बोध एवढाच: सजावटीने माणसाला जवळ बोलवावं, तो ज्यासाठी आला, त्याच्या आड येऊ नये.