शेठजींच्या सवयी आणि सदोबाच्या बांगड्या

एकदा एका तळ्याकाठच्या गावी, जिथले धुके उठायला माणसांहूनही आळशी होते, सदोबा नावाचा एक कासार राहत होता. बाजारात बसून तो बायकांच्या हातांत बांगड्या भरी आणि भरताना तोंडाचा पट्टा अखंड चालू ठेवी. कुणाची सासू, कुणाची म्हैस, कुणाच्या माहेरचा आंबा, त्याला कोणताही विषय चाले. बायका हसत, हात सैल पडे, आणि हिरवी काच मनगटावर केव्हा पोचली ते त्यांना कळतही नसे.

संसार बरा चालला होता. पण बरे चालले की माणसाला खाज सुटते. गावातल्या धनाढ्य शेठजींविषयी लोक आदराने सांगत की ते काळोखात उठतात, गार पाण्याने स्नान करतात, दिवसाकाठी वाटीभर पेज घेतात आणि दुपारपर्यंत मौन पाळतात. म्हणूनच लक्ष्मी त्यांच्याकडे मुक्कामाला आहे. सदोबाला हा मार्ग फारच स्वस्त वाटला. त्याने सगळे व्रत उचलले. मौन तर त्याने दिवस मावळेपर्यंत ताणले, चार दाणे जास्तीचे पदरात पडतील या आशेने.

गार पाण्याने त्याची बोटे आखडली. नुसत्या पेजेवर राहून हातातले बळ गेले. बायका हात पुढे करत, सदोबाचा सुतकी चेहरा बघत आणि मूठ आवळून घेत. बांगडी फुटली असे कासार म्हणत नाहीत, वाढवली म्हणतात. त्या दिवसांत सदोबाकडे वाढले ते एवढेच.

अशात पाटलांच्या घरी लग्न निघाले. नवरीचा चुडा भरण्याचा मान पिढ्यान्‌पिढ्या सदोबाच्या घराण्याचा. पण नवरीची आत्या बाजारात हात भरून घ्यायला आली आणि रक्ताळलेले मनगट घेऊन परतली. पाटलांचा निरोप आला, की उद्या चुड्यातली एक जरी बांगडी वाढवली तर मान दुसऱ्या गावच्या कासाराला जाईल.

सदोबाची बायको चंद्रा कपाळाला हात लावून बसणारी नव्हती. तिने नवऱ्याला बांगड्यांच्या पेटीसकट होडीत बसवले. तळ्यापलीकडे एक वृद्ध बुवा राहत. सदोबा त्यांच्यापाशीच अक्षरे शिकला होता. होडी धुक्यातून अशी सरकली, की पाण्यावर चाललो आहोत की ढगावर, ते सदोबाला उमगेना. विचारण्याची सोय नव्हती, मौन होते.

चंद्राने सारी हकिगत सांगितली. बुवांनी डोळे मिटून ऐकली आणि आपला पांढऱ्या केसांचा हाडकुळा हात पुढे केला.

"भर बांगड्या."

चंद्राने पदर तोंडाला लावला. गुरूची आज्ञा मोडवेना. सदोबाने पहिली बांगडी चढवली, ती तडकली. दुसरी अंगठ्यापाशीच अडली.

"चंद्रे," बुवा म्हणाले, "याचा बाप बांगडी भरायचा. हा म्हशीच्या शिंगात कडं ठोकतोय."

सदोबाच्या व्रताचा बांध तिथेच फुटला. "म्हशीचं शिंग बरं, बुवा. निदान हलत नाही. तुमचा अंगठा पाटलांच्या वळूसारखा वाटेत आडवा बसलाय, त्याला आधी उठवा."

बुवा खदखदून हसले. हसता हसता हात लोण्यासारखा झाला. सदोबा वळूवरून पाटलांवर गेला, पाटलांवरून आत्याबाईंवर, आणि भानावर आला तेव्हा बुवांचा हात कोपरापर्यंत हिरवागार होता. तळ्यावर धुके थबकून ऐकत असल्यासारखे उभे होते. बांगड्या भरून घेणारीने कासाराला नमस्कार करावा, असा रिवाज. बुवांनी वाकून नमस्कार केला.

सदोबा ओशाळला. मग त्याने हळूच विचारले, की शेठजींना लक्ष्मी कशी पावली?

"ते तरुणपणी बैलांवर मीठ लादून गावोगाव हिंडले," बुवा म्हणाले, "आणि बडबडीत तुझे आजोबा शोभले असते. आता पहाटे उठतात, कारण चोराच्या धास्तीनं डोळा लागत नाही. गार पाणी वैद्यानं सांगितलंय. दुखणं कुठलं ते चंद्रेसमोर सांगत नाही. पेज घेतात, कारण पोटात दुसरं ठरत नाही. आणि सकाळी तोंड उघडलं, तर दारात बसलेल्या भाच्यांना हो म्हणावं लागतं. धन आल्यावर माणसाला जे जडतं, ते तू आधीच जडवून घेतलंस, बाळ. लक्ष्मी तुझ्या दारी आली असती ना, तर तिला वाटलं असतं, इथं तर मी येऊन गेले."

दुसऱ्या दिवशी सदोबा ऊन वर आल्यावर उठला, कढत पाण्याने न्हाला, पोटभर जेवला आणि पाटलांकडे गेला. नवरीचा हात गार पडला होता. माहेर सुटण्याच्या भीतीने मूठ वळलेली. आत्याबाई डोळे वटारून शेजारी बसल्या. सदोबाने तो हात दोन्ही तळव्यांत नुसता धरून ठेवला आणि विचारले, की सासरी तळे आहे का, आणि तिथले बेडूक आपल्या बेडकांपेक्षा बेसूर आहेत का? तिने मान वर केली. मग म्हणाली, "आमच्यापेक्षा बेसूर कुठले मिळायचे?" आणि हसली. मूठ उमलली. काच पाण्यासारखी उतरत गेली, एकही कण न सांडता. चुडा भरून झाला तरी सदोबाने तिचा हात क्षणभर सोडला नाही. तो उबदार झाला होता.

धनवानाची सवय उचलावी, जरूर उचलावी. मात्र ती त्याला धनाच्या आधी लागली की नंतर, एवढे त्याच्या शेजाऱ्याला विचारून घ्यावे.