जळूखान्याचा दर

“उद्या दुपारपर्यंत दर ठरला नाही, तर जळूखान्याला कुलूप, आणि जळवा तापल्या वाळूत!” प्रचंडराव महाराज गरजले.

दरबारच्या जळूखान्यातली एकेक जळू भिवराने लेकरासारखी वाढवली होती. वैद्य इथूनच जळवा नेत आणि कोणती कुठल्या गळवावर चालते, याचे प्रयोग करत. पण दर एक मोहर ठेवला की गावोगावचे वैद्य रडत आणि फुकट दिल्या की राजवैद्य गदाधरशास्त्री घागरी भरभरून घरी नेत. त्या तक्रारी ऐकून महाराजांचे डोके उठले होते.

“दर सगळ्यांना एकच! पण श्रीमंताला आणि गरिबाला सारखाच जड पडला पाहिजे. शिवाय जळवांच्या खाण्याचा खर्च त्यातूनच भागवायचा. खजिन्याला हात लावायचा नाही!”

“ब्रह्मदेवालाही जमायचे नाही हो!” शास्त्रीबुवा मिशीत हसले. जळूखाना बंद झाला की सगळे वैद्य आपल्याच दारी येणार, हे त्यांनी केव्हाच ताडले होते.

दुसऱ्या दिवशी भिवरा डोक्यावर घागर घेऊन दरबारात हजर!

“दर ठरला, महाराज. ज्याला एक उपाशी जळू न्यायची, त्याने इथल्या एका जळूला पोटभर जेवू घालायचे. स्वतःच्या पोटरीवर!”

दरबारातल्या दोघातिघांनी नकळत पाय आखडून घेतले.

“सावकाराची पोटरी काही सोन्याची नसते,” भिवरा म्हणाली. “चावा सगळ्यांना सारखाच झोंबतो. जळू पोटापुरतेच पिते. तिचे पोट भरले की खर्च भागला! शास्त्रीबुवा, तुमची दोनशे जळवांची मागणी आहे. धोतर वर घ्या. पोटरी पुरली नाही तर पाठ आहेच!”

“मला... मला एकच पुरे!” शास्त्रीबुवा कोपऱ्यात सरकले.

“अगंबाई! मग बाकीच्या एकशे नव्व्याण्णव कशाला हव्या होत्या?”

महाराजांनी डोळे वटारले. “आणि माझ्या गुडघ्याला चार लागतात, त्यांचे काय? मी राजा आहे! मला काही सूट?”

“आहे ना, महाराज. तुम्हाला बसायला पाट मिळेल!”

महाराज असे खदखदून हसले की मुकुट कानावर आला. तिथेच पाट मागवून त्यांनी पाय पुढे केला. भिवराला तळ्याकाठची जमीन इनाम मिळाली आणि शास्त्रीबुवांच्या घरच्या सगळ्या घागरी जळूखान्यात परत आणायचा हुकूम सुटला.

“आणि महाराज, यांनी आजवर फुकट नेलेल्यांचा दर?” भिवराने विचारले.

पण शास्त्रीबुवा तोवर धोतर सावरत वेशीपर्यंत पोहोचले होते.