चिंगी जास्वंदीचे मुंगळे

लई जुनी गोष्ट. तेव्हा झाडं बोलायची आणि कात्री ऐकायची. एका बागेला जास्वंदीचं कुंपण होतं. त्यातली टोकाची चिंगी म्हणजे एक नंबरची बनेल.

कात्रीमावशी छाटायला आली की चिंगी ओरडायची, "मावशी, इकडे नको! माझ्यात मुंगळे आहेत!" मावशी पुढे जायची. बाकीच्या छाटून छाटून गुबगुबीत झाल्या. चिंगी मात्र ताडमाड वाढली. वरून चिडवायची, "काय गं बुटक्यांनो, रस्ता दिसतो का?"

एकदा बुलबुलीण घरट्याला जागा बघत आली. चिंगीला तर कधीची हौस, आपल्या कुशीत पिल्लं खेळावीत. "ये की, वरचा मजला रिकामाय!"

बुलबुलीण म्हणाली, "वर झुपका, खाली नुसत्या काड्या. मांजराला आरपार दिसेल की गं!"

चिंगीचा चेहराच पडला. मावशी आली तशी म्हणाली, "मावशी, मला काप. पार गुडघ्यापर्यंत!"

"आणि मुंगळे?"

"ते... गाव सोडून गेले!"

मावशी खदाखदा हसली. "अगं, मी लोखंडाची. मला कसले मुंगळे चावतात? म्हटलं, फिटू दे पोरीची हौस." आणि कचाकचा कापलं.

मग चिंगीला बुडापासून फुटवे आले. ती दाट झाली, लालेलाल फुलली. पुढच्या छाटणीला मावशी आली, तर चिंगी कुजबुजली, "मावशी, इकडे नको. आत पिल्लं आहेत."

"कुणाची, मुंगळ्यांची?"

तेवढ्यात पानांआडून तीन चोची उघडल्या. मावशीनं गपकन पाती मिटली आणि आवाज न करता पुढे सरकली.