संचालकांची परवानगी

इचलकरंजीच्या एका सूतगिरणीनं मालकापासून कामगारांपर्यंत सगळ्यांच्या चॅटसाठी स्वतःच्याच सर्व्हरवर सॉफ्टवेअर बसवलं होतं. कुणाला काय दिसावं, हे तो सर्व्हर सांभाळणाऱ्या मृणालिनीबाई ठरवायच्या. एकदा मालक धनपालशेठ गरजले, "बाई, संचालकाला सगळ्यांचं खासगी बोलणं दिसलंच पाहिजे! जमत नसेल तर घरी बसा."

ऑफिसात सगळ्यांच्या माना वळल्या. बायकांच्या तक्रारींचा ग्रुपही त्याच चॅटवर होता.

मृणालिनीबाई म्हणाल्या, "करते की शेठ. फक्त इथं परवानगी माणसाला नाही, पदाला मिळते. टॅक्स वाचवायला तुम्ही वहिनीसाहेबांनाही संचालक केलंय. तुमचं खासगी बोलणं त्यांना दिसेल. करू चालू?"

शेठनी घाम पुसला. "राहू द्या! दुसऱ्याचं वाचणं बरं नव्हे."

ऑफिसनं सुटकेचा निःश्वास सोडला. शेठचा त्याहून मोठा होता.