दीड लाखाचं खेळणं

"दीड लाखाचं खेळणं मागतीय! सून आणली का पोर आणलं?" गोठ्यात सासरे रंगनाथराव बायकोला म्हणाले, ते पलीकडे कपडे वाळत घालणाऱ्या मोनालीने ऐकलं.

लग्नाला महिना झालेली ही अबोल सून घरबसल्या बंगल्यांची थ्रीडी चित्रं करून द्यायची. जुना लॅपटॉप एका चित्राला अख्खा दिवस घ्यायचा आणि बिल्डर आता काम काढून घ्यायला निघाला होता. गेमिंगचा लॅपटॉप तेच काम तासाभरात उरकणार होता. पण सासऱ्यांच्या शब्दाशिवाय त्या घरात मोठी खरेदी होत नसे.

ती चहा घेऊन गोठ्यात गेली. रंगनाथराव तुफानला, आपल्या शर्यतीच्या बैलाला, दुधात अंडी कालवून पाजत होते. बैल होताच तसा देखणा!

"ये," ते मिशीवर हात फिरवत म्हणाले. "खेळायच्या यंत्राला एवढा पैसा का घालायचा, एका वाक्यात सांग. पटलं तर आजच घेऊ."

त्यावर मोनाली जे बोलली, ते सासूबाई अजून कौतुकाने साऱ्या गावाला सांगतात.

"मामा, या तुफानला सात लाख मोजून तुम्ही कधी नांगर दाखवला नाहीत, माझाही बैल शर्यतीचाच आहे, पण मी त्याला पहिल्याच दिवशी नांगराला जुंपणार आहे."