न उघडलेलं घड्याळ

"म्हणजे तुम्ही दोन ओळी लिहून देणारच नाही, असंच ना चाचा?"

विश्वंभर पोंक्षे हे तिसऱ्यांदा विचारत होता. समोर दस्तगीर मिस्त्री कुणाचं तरी गजराचं घड्याळ पोटाशी धरून बसले होते. ऐंशी पार केलेल्या या म्हाताऱ्याने मान वर करायचीही तसदी घेतली नाही.

मिरजेच्या बाजारातल्या या टीचभर दुकानात विश्वंभर एकोणिसाव्या वर्षी आला होता. तीन वर्षं हाताखाली राहून काम शिकला, मग पुण्याला जाऊन त्याने स्वतःचं दुकान काढलं. आता तो दुर्मिळ मनगटी घड्याळांचा मोठा संग्राहक झाला होता, आणि कुणी घड्याळजी म्हटलं की त्याच्या कपाळाला आठी पडायची.

"काय लिहू?" मिस्त्री म्हणाले.

"हे घड्याळ कधीही उघडलेलं नाही, एवढंच."

टेबलावर मऊ कापडात ते घड्याळ ठेवलेलं होतं. नाडी मोजायच्या खुणा असलेली तबकडी, तिच्यावर एक पिवळसर डाग. मिरजेच्या एका जुन्या डॉक्टरांचं घड्याळ फिरत फिरत मुंबईच्या लिलावात गेलं आणि विश्वंभरने ते बावीस लाखांना घेतलं. त्यासाठी पुण्याचं दुकान विकलं. पुढच्या महिन्यात परदेशातल्या लिलावात ते दुपटीने जाणार होतं, पण एका अटीवर. त्याला कुणाचा हात लागलेला नाही, असं कुणीतरी खात्रीने सांगायला हवं होतं. आणि त्या काळी मिरजेतल्या डॉक्टरांची घड्याळं दस्तगीर मिस्त्रींशिवाय दुसऱ्या कुणाकडे जातच नसत.

"बावीस लाख!" कोपऱ्यातल्या स्टुलावरून आठल्ये म्हणाले. "शुद्ध वेडेपणा!"

आठल्ये पुण्याचे दुसरे संग्राहक. साक्षीदार म्हणून बरोबर आले होते आणि वाटभर हेच ऐकवत होते. लिलावात त्यांनी स्वतः अठरा लाखांपर्यंत हात वर केला होता, ते मात्र त्यांच्या बोलण्यात येत नव्हतं.

"त्या डागाचेच पाच लाख धरा आठल्ये. अस्सल डाग आहे."

"डागाचे पाच लाख? मग माझ्या घरच्या चहाच्या कपाचे किती देतोस?"

"तुम्हाला कळत नाही, तिथे बोलू नका हो!"

मिस्त्रींनी कापडातलं घड्याळ उचललं, कानाशी धरलं...

"उघडून बघितल्याशिवाय कसं लिहू?"

"उघडलंत तर ते न उघडलेलं कसं राहील?" विश्वंभर कळवळून म्हणाला.

"मग न उघडताच लिहू?"

"हो!"

"आणि मला कसं कळणार, ते उघडलेलं नाही म्हणून?"

विश्वंभरने कपाळाला हात लावला. असा चमत्कारिक म्हातारा! एक सही केली तर याचं काय जाणार होतं?

तेवढ्यात मिस्त्रींनी घड्याळाला किल्ली द्यायला सुरुवात केली.

"चाचा! किल्ली नका देऊ! चाळीस वर्षं कुणी दिली नाही!"

"का?"

"अहो, झिजेल ना आत!"

मिस्त्रींनी शांतपणे किल्ली पूर्ण दिली. घड्याळ टिकटिकू लागलं. भिंतीवरच्या घड्याळाशी वेळ जुळवून त्यांनी ते टेबलावर ठेवलं, चहा सांगितला आणि पुन्हा गजराचं घड्याळ पोटाशी घेतलं.

चहा आला, गेला. पाहुण्यांचं भांडण चालूच राहिलं. काटे बदललेले असतील तर किती लाख उतरतात, पट्टा जुना असेल तर किती चढतात, कुणाला काय कळतं आणि कुणाला काय कळत नाही... विश्वंभरचा आवाज चढत चढत पार रस्त्यापर्यंत गेला. मध्येच मिस्त्रींनी विचारलं,

"दुकान विकलंस. हत्यारं?"

"ती दुकानाबरोबर गेली."

"मी दिलेली?"

"हो... तीही."

मिस्त्रींनी मान खाली घालून गजराच्या घड्याळाचं एक चाक बसवलं. विश्वंभरला उगाचच राग आला. हत्यारांचं काय एवढं? हे जमलं तर तसली दहा दुकानं घेईन, असं तो बोलणार होता. पण म्हाताऱ्याकडे बघून त्याने ते गिळलं.

तास झाला. मिस्त्रींनी भिंतीकडे पाहिलं, टेबलावर पाहिलं.

"अर्धं मिनिट मागं पडलं."

"पडू दे की! इथे वेळ बघायला कोण घेतंय!"

मिस्त्रींनी पातळ पात्याची सुरी उचलली. विश्वंभर ओरडेपर्यंत तिचं टोक फटीत गेलं होतं. टक् आवाज झाला आणि मागचं झाकण सुटून हातात आलं.

आठल्ये उभे राहिले. विश्वंभरने झाकणाकडे हात नेला आणि मागे घेतला. दुकान गेलं होतं, आता घड्याळही गेलं.

"वाच," म्हणून मिस्त्रींनी झाकण आणि भिंग त्याच्यापुढे धरलं.

दुरुस्तीला उघडलेल्या प्रत्येक घड्याळाच्या झाकणावर आतून आपलं अक्षर आणि साल यांची बारीक खूण कोरायची, हा या दुकानाचा शिरस्ता. घड्याळ परत आलं की ते कुणाच्या हातून गेलं होतं ते कळतं. विश्वंभरने भिंग डोळ्याला लावलं. झाकणावर एकच खूण होती, सुईने कोरलेली, थोडी तिरकी.

वि. ८६.

"हे... हे मी..."

"दुसरा कोण?"

"पण मला कसं आठवत नाही? असली तबकडी मी विसरेन?"

"तबकडी तू बघितलीच नव्हतीस. तेव्हा तू आतलं बघायचास."

आठल्यांना हसू येत होतं. पण विश्वंभरचा चेहरा पाहून ते गुपचूप स्टुलावर बसले.

विश्वंभरने मागे वळून रस्त्याकडे पाहिलं. तो टेबलावर वाकला आणि हलक्या आवाजात भराभर बोलू लागला.

"चाचा, खूण एवढीशी आहे. घासली की जाईल. कुणाला कळणार नाही. आठल्ये, तुम्ही काही पाहिलं नाही... लावा, चाचा, झाकण लावा. लवकर लावा!"

मिस्त्रींनी गजराचं घड्याळ बाजूला सारलं. आपली बसायची जागा सोडून ते हळूच उठले, आपला पेचकस विश्वंभरच्या हातात दिला आणि त्याची मूठ मिटली.

"अर्धं मिनिट मागं पडतंय. तेव्हाही झाकण लावायची तुला अशीच घाई झाली होती."