घरातल्याला पत्ता कशाला

एकदा एक शिष्य एका वृद्ध गुरुजींच्या घरी राहून संकेतस्थळे बांधण्याची विद्या शिकला. पहिलेच काम मिळाले ते घोंगड्यांच्या एका व्यापाऱ्याचे. त्याने जीव ओतला. पानापानांना दुव्यांनी जोडले, आणि प्रत्येक दुव्यात संकेतस्थळाचा संपूर्ण पत्ता लिहिला. अर्धवट लिहिणे त्याला कमीपणाचे वाटे.

पुढे व्यापाऱ्याने पेढीचे नाव बदलले. नावाबरोबर संकेतस्थळाचा पत्ताही बदलला. शिष्याने सारी पाने नव्या जागी नेली. पहिले पान उघडले. पण कोणताही दुवा दाबावा, तर तो जुन्या पत्त्याकडे धावे. तिथे आता काहीच उरले नव्हते.

व्यापारी म्हणाला, "पाटी झकास, आत जावं तर भिंत. उद्या बाजार भरायच्या आत नीट कर. नाहीतर मी दुसरा माणूस बघतो."

शिष्य मान खाली घालून गुरुजींकडे आला. गुरुजींनी सारे ऐकून घेतले आणि त्याला जेवायला बसवले. जेवता जेवता ते म्हणाले, "हणमंत सोपान कोळेकर, मुक्काम बेलवाडी, तालुका जत, यांनी मीठ इकडे सरकवावं."

शिष्याचे डोळे भरून आले. एरवी गुरुजी त्याला 'बाळ' म्हणत. आपण परके झालो, असे त्याला वाटले.

"अहो, हातभर अंतरावर बसलाय तो," गुरुपत्नी म्हणाल्या. "पिनकोड तेवढा राहिला."

गुरुजी हसले नाहीत. जेवण आटोपल्यावर त्यांनी शिष्याच्या हाती एक पुडके दिले. "पोस्टात टाकून ये."

पुडक्यावर एवढेच लिहिले होते: 'आत्यास'.

"गुरुजी, कोणाची आत्या? कुठल्या गावची? पोस्टमन हे नेणार कुठं?"

"आणि मघाशी गावासकट हाक मारली, तेव्हा डोळे का भरले तुझे?"

शिष्याने पुडके खाली ठेवले.

गुरुजी म्हणाले, "घरच्या माणसाला नात्यानं हाक मारावी. बिऱ्हाड हललं तरी नातं सोबत येतं. बाहेरच्याला मात्र पूर्ण पत्ता हवा. तिथं नातं चालत नाही. तुझी पानं एकाच घरातली. तू त्यांना पत्त्यानं बांधलंस. बिऱ्हाड हललं, आणि दुवे जुन्या दारात उभे राहिले."

शिष्य उठला. घरातल्या दुव्यांमधून त्याने पत्ता काढून टाकला. एवढेच ठेवले: शेजारचे पान, आतल्या खोलीतले पान. एक दुवा मात्र विणकरांच्या संस्थेच्या संकेतस्थळाकडे जाई, ते बाहेरचे. त्या दुव्याचा पूर्ण पत्ता त्याने तसाच राहू दिला. बाजार भरण्याआधी प्रत्येक दुवा आपल्या ठिकाणी पोचू लागला. काम शिष्याकडेच राहिले.

तो सांगायला आला, तेव्हा गुरुजी ओटीवर बसले होते. त्यांनी ऐकले, मान हलवली.

"बाळ, ताक घे."

शिष्याने दोन्ही हातांनी भांडे घेतले.

पुढे व्यापाऱ्याने आणखी एकदा पत्ता बदलला. पाने हलली, एकही दुवा तुटला नाही. त्या दिवशी शिष्याने मनोमन गुरुजींना दुवा दिला. त्या दुव्याला पत्ता लागत नाही.